घरच्या शाळेची सवलत

आज सकाळी मागच्या शेतात थ्रेशर सुरू झालं आणि माझे हात आपोआप खिडकीकडे गेले. दोन्ही झडपा लावल्या, कडी घातली, जुनं लुगडं बादलीत बुडवून पिळलं आणि दारावर टांगलं. मग लक्षात आलं, घरात मी एकटीच आहे. जिच्यासाठी ही सगळी धावपळ करायची ती माझी लेक विशाखा वाशीमला खोली करून राहते, बारावीचं विज्ञान शिकते. मला स्वतःला धुळीचा काडीचाही त्रास नाही. तरीही लुगडं काढून ठेवायचा धीर झाला नाही, दुपारपर्यंत ते तिथंच ओलं लटकत राहिलं.

सोयाबीनचा हंगाम असा दाराशी आला की मला हटकून तिच्या दहावीचं वर्ष आठवतं. आमच्या रिठदला या दिवसांची सगळे वाट बघत असतात. शेंगा उन्हात तडकायला लागतात, सोंगणीला बायका मिळेनाशा होतात, शेतात कापून रचलेल्या पिकाच्या सुड्या उभ्या राहतात आणि पावसाचा एखादा चुकार ढग दिसला की ताडपत्र्यांसाठी पळापळ होते. मधल्या ओळींतली तूर तेवढी हिरवीगार, शांत उभी असते. मग थ्रेशर येतं. दाणे एका बाजूला, कुटार म्हणजे भुसा दुसऱ्या बाजूला आणि बारीक पिवळी धूळ सगळ्या गावावर. माठावरच्या झाकणीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भिंतीवरच्या तसबिरींच्या काचांवर ती बसते. गावाला त्या धुळीत पोत्यांचे ढीग दिसतात. मला त्या दिवसांत फक्त विशूची छाती ऐकू यायची.

विशूला दमा आहे. लहानपणी तो सर्दीपडशासारखा यायचा आणि जायचा. नववीत मात्र त्यानं घरात मुक्कामच ठोकला. हंगाम सुरू झाला की शाळा बंद, थंडी वाढली की पुन्हा बंद. बसनं दुसऱ्या गावाला जायचं, वाटेत दोन्ही बाजूंना मळणी, वर्गात पोचेपर्यंत पोरगी निळी पडायची. नववी कशीबशी पास झाली आणि जूनमध्ये मी तिचा दाखला काढून आणला. बाया विचारायच्या, "पोरीची शाळा बंद केली काय व?" मी म्हणायची, "बंद नाई केली. घरी आणली."

घरी आणली म्हणजे सतरा नंबर. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर जो अर्ज भरतात, तो फॉर्म नंबर सतरा. आमच्याकडं हा आकडा जरा खालच्या आवाजात उच्चारतात. नापास झालेले, शाळा सुटलेले, लग्न झालेल्या पोरी, असे सगळे 'सतरा नंबरवाले'. विशूला विज्ञानाकडं जायचं होतं. म्हणजे नुसतं पास होऊन भागणार नव्हतं, भूमिती आणि विज्ञान पक्कं हवं होतं. मी बी. ए. झालेली, तेही मराठी घेऊन. प्रमेय हा शब्द मी शेवटचा कधी ऐकला होता ते मलाही आठवत नव्हतं. पण मी हट्टी आहे. आमचे हे म्हणतात, "तुह्यासंगं वाद घालनं म्हंजे चालू थ्रेशरमंदी हात घालनं." ते वीज खात्यात नोकरी करतात, तेव्हा धोक्याच्या जागा त्यांना बरोबर कळतात.

सरकारी पाठ्यपुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात, ती पहिल्याच दिवशी घेतली. पण पाठ्यपुस्तक वर्गातल्या गुरुजींना धरून लिहिलेलं असतं. गुरुजी नसतील तर प्रत्येक पायरी उलगडून सांगणारं दुसरं पुस्तक लागतं. त्यासाठी गावात रीत अशी, की पुढच्या वर्गात गेलेल्या पोराची पुस्तकं अर्ध्या भावात घ्यायची. मीही एका घरून पिशवीभर आणली. वर्षभर माळ्यावर पडलेली. विशूनं पहिलं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि तिची छाती वाजायला लागली. आख्खा दिवस मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले, पंप दिला, गरम पाणी दिलं. संध्याकाळी ती पिशवी उचलून परत देऊन आले. ज्या पुस्तकांवर धूळ बसत नाही अशीच पुस्तकं आता शोधायची, हे येताना रस्त्यातच ठरवून टाकलं.

म्हणून मग ई-पुस्तकं. हा शब्दही मी तेव्हा जरा बिचकतच वापरायची. आमच्या घरात मोबाइलला नेट सापडायचं ते गच्चीच्या जिन्यावर, पाचव्या पायरीपाशी. स्वयंपाक उरकला की आम्ही मायलेकी दुपारी तिथं जाऊन बसायचो. टाइप करायला वेळ लागतो म्हणून मी फोनशी बोलायची. म्हटलं, "मले पुस्तक पायजे." फोननं लिहिलं, मुले पुस्तक पाहिजे. विशू म्हणाली, "आई, त्याले आपली भाषा समजत नाई, पुस्तकातलं बोल." मग मी आवाज सारखा करून म्हटलं, "दहावीच्या पुस्तकांवर सूट." फोननं लगेच नवरदेवाचे कोट दाखवले. निळे, मरून, जरीचे, पगडीसकट. विशू इतकी हसली, इतकी हसली की हसता हसता खोकायला लागली. महिनाभरात पहिल्यांदा हसली होती. त्या खोकल्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

हळूहळू मला त्या बाजाराचा अंदाज येत गेला. भाजीबाजारासारखंच असतं ते. दसरा-दिवाळीला भाव पडतात, परीक्षा जवळ आली की चढतात. 'आजचा शेवटचा दिवस' असं लिहिलेलं असतं ते उद्याही तसंच असतं. आधी नमुन्याची पानं वाचायची, मग पुढं जायचं. हे शहाणपण मला ठेच लागल्यावर सुचलं, हे कबूल करते. एक बीजगणिताचं पुस्तक पाव किमतीत मिळालं म्हणून मी घाईघाईनं घेतलं आणि दिवसभर मिरवलं. दुसऱ्या दिवशी विशू म्हणाली, "आई, ह्यातले धडे आपल्या पुस्तकात नाईच." अभ्यासक्रम कधीच बदललेला होता, म्हणून तर ते पाव किमतीत होतं. यांनी जेवता जेवता एवढंच म्हटलं, "महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार." मी त्यांच्या ताटात न मागता आणखी एक भाकर टाकली आणि विषय मिटवला.

आणि मग एका दुपारी ते पुस्तक सापडलं. पुण्याच्या कुणा लहानशा प्रकाशनाचं, भूमिती आणि विज्ञानाचा संच, मराठीतून. नमुन्याच्या पानांत एकच प्रमेय होतं, पण ते असं समजावलं होतं की मलाही कळलं. आकृतीत आधी एक रेघ, मग दुसरी, आणि प्रत्येक रेघेशेजारी 'ही का काढली' ते लिहिलेलं. विशू पायरीवर बसून वाचत गेली आणि शेवटी स्क्रीन खाली सरकवत म्हणाली, "पुढचं पान कुठं हाय?" इतक्या महिन्यांत तिनं कशाचंही पुढचं पान मागितलं नव्हतं. पूर्ण संचाची किंमत मात्र आमच्या आवाक्याबाहेर होती. हंगाम अजून शेतातच होता. मी तरीही शोधत खाली खाली गेले आणि तळाशी लाल अक्षरात दिसलं, शाळांनी चार किंवा अधिक प्रती घेतल्यास खास सवलत.

मी आनंदानं ते मोठ्यानं वाचलं. विशूनं माझ्या हातातून फोन घेतला, पालथा घालून पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "मले सवलतीचं नाई पायजे."

मला आधी कळेचना. मग हळूहळू बाहेर आलं. आठवीत विज्ञानाच्या चाचणीत ती वर्गात पहिली आली होती. बसच्या थांब्यावर बरोबरीची एक पोरगी म्हणाली, "तुमचं काय बाप्पा, तुमाले सवलत हाय." वीस गुणांची वर्गातली चाचणी. तिथं कसली आलीय सवलत! पण आम्ही बौद्ध, आणि गावात आमच्या पोरांनी काही केलं की हा शब्द तयारच असतो. नोकरी लागली, सवलत. नंबर आला, सवलत. विशूनं ते दोन वर्षं पोटात ठेवलं होतं, मला, तिच्या आईला, सांगितलं नव्हतं. मला त्या पोरीचा राग आला नाही. तेरा वर्षांची पोर, घरात ऐकलं ते बोलली. राग आला त्या शब्दाचा, आणि तो माझ्या लेकीच्या छातीत धुळीपेक्षा खोल जाऊन बसला याचा.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. वाटलं, ते समजूत घालतील. ते म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राह्यली. पूर्ण किमतीचं घेऊ, नाई तं नाई घेऊ."

आता इथं ह्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. हा माणूस जन्मात कधी भाव करत नाही. भाजीवालीनं सांगितला तो भाव, कापडवाल्यानं सांगितला तो भाव. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, यांना व्यवहार कळत नाही. खरं कारण एकदाच बोलले होते. ऑफिसात नवे असताना कुणी तरी पाठीमागं म्हणालं होतं, 'सवलतीतून आलेला दिसते.' तेव्हापासून कमी किमतीची कुठलीही गोष्ट त्यांना नको. मी भांडले. म्हटलं, "नाई घेऊ म्हंजे काय? नमुन्याच्या पानांवर दहावी होते काय?" तेवढ्यात आतून विशू म्हणाली, "मंग मी परीक्षेलेच नाई बसत."

हे ती रागानं बोलली नाही, शांतपणे बोलली, आणि मी घाबरले ती त्यामुळं. अर्जाची मुदत, तीही उशिराची, संपायला चार-पाच दिवस उरले होते. या वर्षी ती बसली नाही तर पुन्हा बसणार नाही, हे मला आईच्या जातीनं कळत होतं. पोरी एकदा घरात बसल्या की त्यांना घराची सवय होते आणि घराला त्यांची. मग एखादा बरा मुलगा बघा म्हणणारे सोयरे येतात. मला माझी पोरगी विज्ञान शिकलेली हवी होती. त्याच्या आड आता धूळही नव्हती, किंमतही नव्हती. एक शब्द होता.

मी त्या शब्दाचा पुष्कळ विचार केला. सोंगणी करताना, धुणं धुताना, विहारात वंदनेला बसल्यावरसुद्धा. वस्तूच्या किमतीला लावायचा शब्द लोकांनी माणसाच्या किमतीला लावला, एवढीच ती चूक. साडी स्वस्तात मिळाली तर साडी वाईट होत नाही, आणि घेणारी तर त्याहून नाही. आणि आमचं ज्याला सवलत म्हणतात तो तर हक्क, लढून मिळालेला. तो कुणी खुशीनं किंमत कमी करून दिलेला नाही. हे सगळं मला छान समजत होतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगायला गेलं की ते भाषण व्हायचं, आणि विशू भाषण सुरू झालं की पंप शोधायला उठायची.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "कागदं तं देऊन येऊ. बसायचं का नाई ते मंग पाह्यजो." ती तोंडाला ओढणी बांधून निघाली. वाशीमच्या बसला गर्दी होती. कंडक्टर मागून पुढं येत होता आणि ओरडत होता, "सवलतवाले कोन कोन? कार्ड काढून ठेवा!" विशूचे खांदे एकदम आखडले, मला शेजारी बसून जाणवलं. मग आम्ही दोघी बघत राहिलो. पहिल्या बाकावरच्या पांढऱ्या धोतरातल्या आजोबांनी कोपरीतून कार्ड काढलं. कॉलेजच्या पोरांनी पास दाखवले. आमच्याच गावातल्या, दोन ट्रॅक्टर दारात असलेल्या घरच्या काकू कोपरापर्यंत बांगड्या घालून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "दोन हाफ द्या, लेडीज." त्यांच्या मागची हाफ, तिच्या मागची हाफ. एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. पूर्ण तिकिटाचे म्हणजे गाडीत दोन-तीन पुरुष, आणि ते बिचारे उभे होते.

विशू माझ्या कानाशी आली. "आई, ह्या काकूले कोनी म्हनत असन काय?"

"काय?"

"सवलतवाली म्हनून."

"इचारून पाह्य," मी म्हटलं. ती ओढणीच्या आत हसली. मग खिडकीकडं वळली. रस्त्याच्या कडेला कुटाराचे ढीग होते. मग म्हणाली, "मंग आपल्यालेच काहून म्हनतेत?" याचं उत्तर मला येतं, पण ते तिला एकटीला सापडायला हवं होतं. तेवढ्यात कंडक्टर आमच्यापाशी आला. मी पैसे हातात धरून लेकीला विचारलं, "तुह्यं पूर्ण तिकीट काढू काय?"

कंडक्टरला वाटलं, या बाईला नियम माहीत नाही. तो म्हणाला, "ताई, लेडीजले हाफ हाय." मी म्हटलं, "मले माहीत हाय, मी हिले इचारून राह्यली." तो थांबला, मागचे लोक थांबले. विशूनं एकदा त्या काकूंकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "हाफच काढ," ती म्हणाली.

त्या एका तिकिटावर मी आमचं सगळं वर्ष काढलं, असं मला आजही वाटतं.

अर्ज घेणाऱ्या केंद्रावर रांग होती. आमच्या पुढं एक बाई आणि तिची मुलगी. पालकाच्या सहीच्या जागी बाईनं अंगठा लावला आणि शाई डोक्याच्या केसांना पुसली. तिचं नाव संगीता. पोहरादेवीजवळच्या बंजारा तांड्यावरची. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जातात आणि पूजा, तिची मुलगी, बरोबर जाते, कारण तिला मागं ठेवायला कुणी नाही. म्हणून तिचाही सतरा नंबर. मी विचारलं, "मंग अभ्यास?" संगीताच्या तोंडी 'ळ'चा 'य' व्हायचा, ती म्हणाली, "आमची शाया उसात भरते ताई."

"आमची घरी भरते," मी म्हटलं.

"मंग दोन शाया झाल्या आपल्या," ती म्हणाली आणि खळखळून हसली. तोवर पोरी कोपऱ्यात उभ्या राहून त्याच नमुन्याच्या पानांवर बोलत होत्या. पूजानं ती केव्हाच पाहिली होती. तिलाही पुढचं पान हवं होतं.

दोनाच्या चार शाळा व्हायला आठ दिवस लागले. एक घर पूजाच्या ओळखीचं निघालं, एक माझ्या माहेरकडून. चार घरं, चार पोरं, चार प्रती. मी प्रकाशनाला पत्र लिहिलं. उत्तरात एक तक्ता आला. संस्थेचं नाव, मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का. तोवर हे थोडे सैल झाले होते. म्हणाले, "वळखीच्या एखाद्या हेडमास्तरचा शिक्का मारून आनतो." मी म्हटलं, "नाई. उसना शिक्का मारला तं आपली शाळा खोटी होते." संस्थेच्या नावापुढं लिहिलं, घरची शाळा. सहीच्या रकान्यात चौघा पालकांची नावं, त्यात तीन सह्या आणि संगीताचा अंगठा. शिक्क्याची चौकट मोकळी ठेवली आणि फोटो काढून पाठवून दिलं.

मग काहीच नाही. इकडं हंगाम अंगावर आला. ज्या थ्रेशरची मी धास्ती घ्यायची ते आमच्याच शेतात लागलं. विशू खिडक्या लावून, दाराला ओलं लुगडं टांगून आत. मी पोत्यांपाशी. दुपारी पाणी प्यायला घरी आले तर आतून तिचा आवाज येत होता. फोनवर, अगदी पुस्तकातल्या भाषेत. मी लुगडं बाजूला करायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

"हो मॅडम, घरीच. नाही, शिक्का नाही आमच्याकडे. विद्यार्थी चार आहेत, पैकी एक उसाच्या फडात असेल, पण अभ्यास चालूच राहील." मग पलीकडची बाई बराच वेळ बोलत असावी. मग पुन्हा विशू, या वेळी भाषा थोडी घसरली, "मॅडम, सवलत तुम्ही पुस्तकावर देता ना? आमच्यावर तर नाही? मग आमाले ती पायजे."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडावर एवढी धूळ होती की त्याचे ओघळ झाले असतील. आत गेले तर ती म्हणाली, "देतो म्हने. पत्रावर अंगठा पाह्यला म्हने त्यायनं." आणि माझं तोंड बघून हसत सुटली.

त्या आठवड्यात हे बाजारातून आले ते जरा लाजल्यासारखे. कोथिंबिरीच्या जुडीवरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं, काही कमी होईन काय? "मंग?" मी विचारलं. "नाई होत म्हने," ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

पुढचे महिने मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तुरीला आलेला पिवळा फुलोरा. खिडकीच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी आणि तिच्या बाजूला सरकत जाणारी विशूची सतरंजी. फडातून येणारे पूजाचे बोललेले निरोप, ज्यांच्या मागं कोयत्यांचा आणि पाचटाचा आवाज असायचा. आमच्या बोलीत 'कोण' आणि 'कोन' एकच. पूजाचा निरोप यायचा, "विशू, हा कोन कोनाएवढा?" आणि विशूला हसू आवरायचं नाही. ती फोनला धरून एकेक रेघ सांगत बसायची, ही का काढली, ती का काढली. शिकवता शिकवता ती स्वतः शिकली. मी फक्त विचारत राहायची, "समजलं का?" आणि दोनदा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा माझा आवाज चढायचा. शिक्षिका म्हणून मी काही फार चांगली नव्हते. पण एक दिवसही आमच्या शाळेला सुट्टी पडू दिली नाही.

मार्चमध्ये पहिला पेपर मराठीचा. संगीता ऊसतोडीच्या टोळीतून आधी निघून, दिवसभर गाड्या बदलत, पूजाला घेऊन आली होती. दोन्ही पोरींचं केंद्र वाशीमला एकच. गेटबाहेर निंबाखाली आम्ही दोघी तीन तास बसलो. आजूबाजूला दुसऱ्या आया, बाप, गाड्या, ऊन. घंटा झाली आणि आधी पूजा बाहेर आली. कसा गेला, सोपा होता का, यातलं संगीतानं काही विचारलं नाही. तिनं प्रश्नपत्रिका हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि पोरीला परत दिली. "वाच."

त्या गर्दीत पूजा प्रश्नपत्रिका मोठ्यानं वाचायला लागली. संगीता डोळे मिटून, मान थोडी तिरपी करून ऐकत होती. मी विचारलं, "हे काय करून राह्यली व?"

"मले अक्षर कयत नाई ताई," ती डोळे न उघडता म्हणाली. "पन पोरगी कुठं अडकली ते कानाले कयते. उसात असंच शिकवलं म्या तिले. अडकली का म्हनो, पुन्हा वाच." पूजा शेवटपर्यंत गेली. कुठंच अडकली नाही.

तोवर विशू आली. चेहरा लाल, कपाळावर घाम. गाड्यांची धूळ उडत होती. संगीतानं तिच्याकडं मान वळवली. "आता तू."

विशूनं माझ्याकडं बघितलं. मला म्हणायचं होतं, नको, तीन तास झाले, इथं किती धूळ आहे, आधी पाणी पी. मी सरकून तिला जागा दिली. ती वाचायला लागली. पहिला उतारा, त्याखालचे प्रश्न, कविता, पत्रलेखन. मला त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता. मी तिचा श्वास ऐकत होते. एक वाक्य संपायचं, श्वास आत जायचा, बाहेर यायचा, पुढचं वाक्य. पान उलटलं. निबंधाचे विषय आले. शेवटची ओळ संपली. मध्ये शिट्टी नाही, खोकला नाही, कुठं थांबणं नाही. मी तिथंच, सगळ्या लोकांसमोर, रडायला लागले.

संगीतानं डोळे उघडले, उभी राहिली आणि पदर झटकला.

"दोघीबी पास," ती म्हणाली. "चाला आता, भूक लागली मले."